बारावी बाटली

सोपानराव ओढ्याच्या काठाला उकिडवे बसले, बाटलीचं झाकण काढलं आणि आधी मागे वळून पाहिलं. सकाळचे साडेसहा वाजले होते. कुरुळी गावाच्या मागच्या अंगाला असलेल्या त्या ओढ्याकडे एवढ्या सकाळी कुणी फिरकत नाही, आणि खरं तर कुठल्याच वेळी फिरकत नाही. वरच्या बाजूला कुणाकुणाच्या शेड आहेत. कोण काय सोडतं ते देव जाणे. पाण्यावर बारा महिने फेस असतो आणि रंग बदलता असतो. आज तो चहासारखा होता. सोपानरावांनी बोटाने फेस बाजूला सारला, बाटली बुडवून काठोकाठ भरली आणि हात लेंग्याला पुसले. बाटली दाट तपकिरी काचेची, त्यामुळे आत काय आहे ते बाहेरून दिसत नव्हतं.

कंपनीने ती बाटली त्यांच्या घरामागच्या विहिरीचं पाणी भरायला दिली होती.

गावाला लागूनच रसायनांची कंपनी आहे. गाड्यांच्या सुट्या भागांवर मुलामा चढवण्याआधी ते ज्या रसायनाने धुतात, ते तिथे बनतं. वर्षापूर्वी कंपनीने आपणहून जाहीर केलं, की आसपासच्या सात विहिरींचं पाणी आम्ही दर महिन्याला तपासू, अहवाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावू, आणि पाण्यात काही वावगं सापडलं तर आमचं काम आम्हीच थांबवू. कायद्याची सक्ती नव्हती की कुणी मोर्चा काढला नव्हता. कंपनीने पाणी बदललं असं उद्या कुणी म्हणायला नको, म्हणून बाटली घरच्यांनीच भरायची, असाही नियम होता. कंपनीवाले आदल्या संध्याकाळी रिकामी बाटली ठेवून जायचे आणि सकाळी भरलेली घेऊन जायचे.

हे सगळं इतकं सरळ होतं की सोपानरावांना चैन पडेना. आजवर कागद घेऊन जो कुणी त्यांच्या दारात आला, तो जाताना जमिनीचा एखादा तुकडा घेऊन गेला होता. आणि ही माणसं येतात, गोड बोलतात, नुसतं पाणी नेतात? कुणी सांगितलं नसताना कोण कशाला दुसऱ्याच्या विहिरीची काळजी करील?

अकरा महिन्यांत अकरा अहवाल आले आणि सगळ्यांवर एकच शेरा होता, पाणी उत्तम. त्याच अकरा महिन्यांत गोठ्यातल्या गाईने दोनदा गाभ टाकला. डॉक्टरने इंजेक्शन दिलं आणि कारण सांगता येत नाही म्हणाला. गाय विहिरीचं पाणी पिते. परसातली मेथी-कोथिंबीर त्याच पाण्यावर, आणि चार वर्षांची नात नेहा त्या गाईच्या दुधावर. घरात प्यायला फिल्टरचं पाणी होतं, पण दुधाला कोण फिल्टर लावणार? नेहा दुधाचा पेला तोंडाला लावायची तेव्हा सोपानराव उठून अंगणात जायचे. पाणी बिघडलंय आणि कंपनी ते लपवते आहे, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. हातात पुरावा तेवढा नव्हता. म्हणून त्यांनी हा डाव मांडला होता. ओढ्याच्या पाण्यालाही उत्तम म्हणू द्या, मग तो कागद ग्रामसभेत फडकवतो.

ते परतले तेव्हा त्यांची बायको, शालनबाई, अंगणात उभी होती.

"कुठं गेलावता बाटली घिऊन? दर महिन्याला मीच भरती न्हवं?"

"या बारीला म्या भरली."

"हिरीवर तर न्हवता तुमी."

"म्हंजे? पाळत ठेवतीस का काय माझ्यावर?"

शालनबाईंनी बाटलीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"बाटली तरी धुतली का?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत गेल्या.

नऊ वाजता स्वरूपा आली. कंपनीचं पर्यावरणाचं काम ती बघायची. तिशीतली मुलगी, आकुर्डीहून स्कूटरवर यायची.

"काका, आज तुम्ही? दर वेळी काकू देतात."

"का? आमी दिल्याली चालत न्हाई का?"

ती हसली, बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आणि निघून गेली. सोपानरावांना त्या हसण्यातही काहीतरी काळंबेरं दिसलं. काळंबेरं दिसणार नाही अशी गोष्टच त्यांच्या लेखी हल्ली उरली नव्हती.

सहा दिवसांनी ती फोन न करताच आली. शालनबाई नुकत्याच विहिरीवरून बादली भरून आणून गाईपुढे ठेवत होत्या. स्वरूपाने स्कूटर फाटकातच सोडली.

"काकू, थांबा! पाजू नका तिला."

शालनबाईंनी दचकून बादली मागे ओढली. गाय दावं ताणून तिच्याकडे मान लांबवू लागली.

"पाण्यात खूप काय काय सापडलंय," स्वरूपा धापा टाकत म्हणाली. "मी दोनदा तपासून घेतलं. आजपासून ही विहीर वापरू नका. दुपारी टँकर येईल. आमचा एक विभाग कालपासून बंद केलाय."

"बंद केलाय?" सोपानराव बाजेवरून उठले. "कुनी?"

"आम्हीच. साहेब तयार नव्हते. एका बाटलीवरून काम थांबवायचं का, म्हणाले. मी म्हटलं, आपण गावाला तसं लिहून दिलंय."

सोपानराव तिच्याकडे बघत राहिले. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. कंपनी खोटं बोलेल, म्हणून त्यांनी ग्रामसभेतलं भाषण पाठ करून ठेवलं होतं. ती खरं बोलेल, ही शक्यताच त्यांनी धरली नव्हती. त्यांना मनापासून शरम वाटली.

"टँकर नगं म्याडम," ते खालच्या आवाजात म्हणाले. "ते पाणी आमच्या हिरीचं न्हाई. वढ्याचं हाय. म्या भरलं. तुमी खरं सांगता का न्हाई, ते बघायचं होतं."

स्वरूपा मटकन ओट्यावर बसली.

"काका, अख्खा विभाग बंद आहे. माझ्या शब्दावर."

"व्हय. चुकलं माझं. तुमच्या सायबापुढं येऊन सांगतो, म्हनाल तिथं अंगठा देतो." मग त्यांचा आवाज चढला. "पर येक झालं बगा. घाण पाण्याला तुमी घाणच म्हनला. म्हंजे आदीचे अकरा कागद बी खरेच! आमची हीर चांगली हाय. वरीसभर मी उगंच जीव जाळत बसलो." ते मोकळेपणाने हसले. शालनबाईंनी कित्येक महिन्यांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "दे गं, पिऊ दे तिला पाणी."

शालनबाई बादलीपाशी तशाच उभ्या राहिल्या.

"आगं दे की."

"नगं," त्या म्हणाल्या.

"का?"

"त्या अकरा बाटल्या..." त्यांनी पदर हाताभोवती गुंडाळला. "त्या बी हिरीच्या न्हाईत."

सोपानरावांचं हसू तोंडावरच राहिलं.

"मंग कशाच्या?"

"फिल्टरच्या. बाटली गरम पाण्यानं घासून, फिल्टरचं भरून द्यायची मी."

"कशापायी?"

"मानूस दारात येऊन पाणी मागतंय, त्याला काय गुरांचं द्यायचं?" त्या आधी तोऱ्यात म्हणाल्या, मग त्यांचा आवाज उतरला. "तपासाय नेत्यात, एवढं कळत होतं मला. पर फळ्यावर आपलं नाव लागनार, चार बाया वाचनार. आपल्याच घरचं पाणी वाईट निघालं असतं तर तोंड कुठं दाखवायचं?"

स्वरूपाने मोबाइल काढला आणि जुने आकडे उघडले. सातही विहिरींत ह्या विहिरीचे आकडे कायम सर्वांत चांगले होते, इतके चांगले की त्यांची शंका यायला हवी होती. शंका न घेता तिने त्यांचा तक्ता करून ऑफिसच्या भिंतीवर लावला होता. तिने मोबाइल पालथा घातला.

"म्हंजे," सोपानराव एकेक शब्द जुळवत म्हणाले, "आमच्या हिरीचं पाणी आजवर कुनी बघितलंच न्हाई?"

"नाही, काका."

तिने पिशवीतून नवी बाटली काढली. तिघं विहिरीवर गेली. सोपानरावांनी स्वतः पोहरा सोडला, ओढून घेतला आणि ओंजळीत पाणी घेऊन नाकाशी नेलं. पाणी नितळ होतं. वास कसलाच नव्हता. अर्ध्या तासापूर्वीपर्यंत ते विषारी असल्याची त्यांना खात्री होती, मग घडीभर ते अगदी चांगलं असल्याची खात्री झाली होती. आता ओंजळ कितीही निरखली तरी काही कळत नव्हतं.

"कधी कळंल?"

"सहा-सात दिवस लागतील. मी स्वतः घेऊन जाते."

"आन् तुमचा तो इभाग?"

"बंदच ठेवा म्हणून सांगते. आता माझं कितपत ऐकतील, ठाऊक नाही."

"आन् वरीसभर जे पोटात गेलं, त्याचं?"

स्वरूपा बाटलीवर तारीख लिहीत होती.

गाईने दावं ताणून बादलीपर्यंत तोंड नेलं होतं. शालनबाई धावत गोठ्याकडे गेल्या आणि भरलेली बादली त्यांनी उचलून घेतली. ती घेऊन त्या मेथीच्या वाफ्याकडे निघाल्या आणि वाफ्याशी जाऊन थांबल्या. मग मोरीकडे वळल्या, पण मोरीचं पाणीही वाफ्यातच जात होतं. बादली जड होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली.

"आवं," त्या परसाच्या मधोमध उभ्या राहून म्हणाल्या, "आता ह्ये वतू कुठं?"