एकटा, तिळे, चौघे

"हलला का?" तोंडात ब्रश तसाच ठेवून आईने विचारलं.

"नाही. चौदाच," मोबाइलकडे बघत मी म्हणाले.

आईने चूळ भरली आणि आरशात स्वतःकडे असं बघितलं, जसं बस नुकतीच गेल्यावर लोक रिकाम्या रस्त्याकडे बघतात.

बाकीच्यांच्या घरी सकाळी उठून हवामान बघतात, आमच्या घरी आईचा पंधरावा पेपर बघतात. आई रसायनशास्त्रात संशोधन करते. प्रयोग जमला की त्यावर पेपर लिहायचा, तो जर्नलमध्ये छापून यायचा आणि मग जगात कुठेतरी दुसऱ्या कुणी त्या कामाचा आधार घेतला, की त्यांच्या पेपरच्या शेवटी आईचं नाव यायचं. याला म्हणायचं सायटेशन. इथपर्यंत सगळं छान होतं. पण यंदा संस्थेने फतवा काढला. ज्यांचे निदान पंधरा पेपर प्रत्येकी पंधरा वेळा तरी इतरांनी उल्लेखलेत, त्यांचीच स्वतंत्र लॅब राहील. उरलेल्यांनी वर्ष संपताना आपली लॅब रिकामी करायची आणि दुसऱ्याच्या लॅबमध्ये एक टेबल घ्यायचं.

आईचे चौदा पेपर कधीच पार झालेत. पंधरावा चौदा उल्लेखांवर अडून बसला होता. एक! फक्त एक हवा होता! माझ्या वर्गातल्या मुलींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "एवढंच? आम्ही करतो ना लाइक."

"तुमच्या लोकांना चष्मा लागलाय," बाबा चहा गाळत म्हणाले. ते चष्म्याच्या दुकानात नंबर तपासतात, त्यामुळे जगातल्या सगळ्या अडचणींचं मूळ त्यांना तिथेच सापडतं. "इतकं चांगलं काम आणि दिसत नाही कुणाला?"

"दिसतं हो. वापरतातही. लिहायचं राहून जातं," आई म्हणाली आणि डबा भरायला लागली.

शाळा सुटली की मी आईच्या लॅबमध्ये जाते. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याजवळची खोली. रसायनांच्या वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाची सरकती काच वर टिकत नाही, म्हणून तिच्याखाली लाकडाचा ठोकळा. एका स्टुलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी. प्रत्येक बाटलीवर कागदी पट्टी आणि तिच्यावर आईचं बारीक, तिरकं अक्षर. खिडकीशी बसून मी गृहपाठ करते आणि आई पेन्सिलीएवढ्या काचेच्या नळ्या धुते. त्या नळीत पदार्थ घालून मोठ्या यंत्रात ठेवला, की कागदावर टोकदार शिखरांची रांग उमटते. त्या रांगेवरून ओळखायचं की आत काय बनलंय. मला सहावीपासून वाचता येते ती! म्हणजे सगळी नाही, पण त्यातला एक चोर मी कुठेही ओळखते. इथाइल ॲसिटेट. पदार्थ शुद्ध करायला हा द्रव वापरतात. आईच्या पर्सला, स्वेटरला, कधीकधी उशीलासुद्धा त्याचा वास येतो, नेलपॉलिश काढायच्या बाटलीसारखा. पदार्थ नीट वाळवला नाही तर हा आत लपून राहतो आणि कागदावर तीन जागी डोकावतो: एका ठिकाणी एकच शिखर, एका ठिकाणी तीन चिकटून, एका ठिकाणी चार. लहानपणी आईने मला ते असे शिकवले होते: एकटा, तिळे, चौघे. "हे कुटुंब दिसलं की समजायचं, पाहुणे अजून गेलेले नाहीत."

तर त्या दिवशी मी भूगोलाचा नकाशा रंगवत होते आणि शेजारच्या लॅबमधले हसरे सर आले. त्यांचं खरं नाव वेगळं आहे, पण वाईट बातमीसुद्धा ते हसत हसत सांगतात.

"मॅडम, हलला का पंधरावा?"

"नाही सर."

"अहो, मग मागा ना! आम्ही सहाजण आहोत. आम्ही तुमचे पेपर आमच्यात घालतो, तुम्ही आमचे तुमच्यात घाला. आपलं आलं-गेलं ठेवायचं. उद्या पाठवतोय मी एक, बोला, टाकू तुमचा?"

"तुमचं काम रंगांवर आहे सर. त्याचा माझ्या कामाशी काय संबंध?"

"पहिल्या परिच्छेदात कशाचाही कशाशीही संबंध लागतो हो," सर म्हणाले आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. "काय गं, समजाव तुझ्या आईला. नाहीतर येतील माझ्याकडे टेबल मागायला. मी देईन म्हणा. खिडकीजवळचं नाही मिळणार, तिथे माझा फ्रिज आहे."

आई हसली. थकलेलं माणूस हसतं तसं, गालावर येईपर्यंत संपून जाणारं हसू.

ते गेल्यावर मी म्हणाले, "हो म्हणायचंस ना! काय बिघडलं असतं?"

"काही नाही," आई म्हणाली. तिने नळी उजेडासमोर धरली, पुन्हा पाण्याखाली नेली. "तो नकाशा रंगव. समुद्र राहिलाय तुझा."

मग आला तो रविवार.

जर्नलवाले पेपर छापण्याआधी दोन-तीन जाणकारांना वाचायला पाठवतात. ते जाणकार कोण, हे लिहिणाऱ्याला कधीच कळत नाही. आईकडे असे पेपर सारखे येतात. त्याचे पैसे मिळत नाहीत की नाव होत नाही, रविवार तेवढा जातो. ते कुणाला दाखवायचे नसतात, पण मी कुणी नाही असं आई धरून चालते. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर एक पेपर पसरलेला होता आणि आई सोफ्यावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सवयीने शेवटचं पान उघडलं.

"आई!"

"काय?"

"आई, तुझं नाव! तुझा पंधरावा! यांनी तुझा पंधरावा घातलाय!"

मी खरोखर उडी मारली. खुर्ची पडली. बाबा आतून टॉवेल गुंडाळूनच बाहेर आले. कड्यासारख्या रेणूला शेपूट जोडायची आईची पद्धत त्या लोकांनी वापरली होती आणि त्यातून नवाकोरा पदार्थ बनवला होता. आईने फक्त 'छापा' म्हणायचं. हे जर्नल झटपट छापतं, महिन्याभरात चौदाचे पंधरा! कुणाकडे मागितलं नव्हतं, आलं-गेलं ठेवलं नव्हतं. आपणहून दारात आलं होतं.

"बघा," बाबा म्हणाले, "लागला शेवटी कुणाला तरी बरोबर नंबर."

आई घड्या घालत राहिली. माझ्या शाळेच्या शर्टाची घडी तिने घातली, मोडली, परत घातली.

मी पानं मागे उलटली. मला त्या शेपटीची शिखरं बघायची होती, आमच्या पद्धतीची शेपटी! चित्र सापडलं. शिखरांवर त्यांनी बाण काढून लिहिलं होतं, हीच ती नवी शेपटी. मी बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागले. "इथे एकटा. इथे तिळे. आणि इथे..."

पुढचा शब्द मी गिळला. पण उशीर झाला होता.

"चौघे," आई म्हणाली. "मला सकाळीच दिसले."

म्हणजे ती सकाळपासून त्याच कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळे टॉवेल घडी होऊन पुन्हा उलगडून पुन्हा घडी झाले होते.

"म्हणजे काय?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे शेपूट जोडलीच गेली नाहीये. पदार्थ नीट वाळवला नाही त्यांनी. आत राहिलेल्या इथाइल ॲसिटेटलाच शेपूट समजून बसलेत."

मला स्वतःचा इतका राग आला! सहावीत शिकले नसते तर काय बिघडलं असतं?

"आई, 'किरकोळ दुरुस्ती करून छापा' असं लिही ना. आणखी दोघं वाचणारे असतील की. त्यांना दिसेल. त्यांना म्हणू दे नाही."

"त्यांना नाही दिसलं तर?"

"तर नाही! कुणाचं काय जातंय? हे काही औषध नाहीये, कुणी मरत नाहीये. तुझी लॅब जातेय, आई. तुझी खिडकी."

आईने शर्ट मांडीवर ठेवला. "मी शिकत होते ना, तेव्हा आमच्या सरांनी मला एक छापलेला पेपर दिला होता. म्हणाले, हे करून दाखव, मग पुढचं बघू. मी वर्षभर करत होते. येईचना. बाकीच्यांचं काम पुढे गेलं. मी रोज घरी येऊन आजीला सांगायची, मला येत नाही, मी सोडते. एक दिवस कळलं, तो पेपरच चुकीचा होता. मुळात झालंच नव्हतं ते." तिने मांडीवरच्या शर्टाची कॉलर सरळ केली. "कुणीतरी तो वाचला असेल ना, छापायच्या आधी. माझ्यासारखंच, रविवारी बसून."

बाबा आत जाऊन शर्ट घालून आले. येताना त्यांनी पडलेली खुर्ची उचलली, टेबलाशी सरकवली आणि हाताने धरून ठेवली, आई बसेपर्यंत.

आई संध्याकाळपर्यंत लिहीत होती. मला वाटलं होतं, 'छापू नये' एवढं लिहून मोकळी होईल. पण तिने सगळं सांगितलं. पदार्थ किती गरम करून वाळवायचा, काय बदलून बघायचं, ही पद्धत त्या रेणूला का मानवत नसेल. शेवटी लिहिलं की काम मेहनतीचं आहे, सोडू नका. पाठवायचं बटण दाबल्यावर तिने चष्मा काढून डोळे चोळले आणि विचारलं, "चहा टाकतेस?"

मी टाकला. साखर जास्त घातली. रागाने की कशाने, माहीत नाही.

पंधरावा काही हलला नाही. सकाळी मी सांगायचं बंद केलं, तिनेही विचारायचं बंद केलं. वर्ष संपता संपता संस्थेचा कागद आला आणि शनिवारी आम्ही तिघं लॅब आवरायला गेलो. आईने बाटल्यांवरच्या पट्ट्या तशाच ठेवल्या. ठोकळा मी मागितला, तर म्हणाली, "राहू दे तिथेच. येईल त्याला लागेल." हसरे सर मदतीला आले, एक खोकं उचललं, हसले, आणि फ्रिज खरंच थोडा सरकवलाय म्हणाले. बाबा पुस्तकांची खोकी घेऊन त्यांच्यामागे गेले.

जिन्याजवळ आईचा मोबाइल वाजला. तिच्या विषयात नवीन काही छापून आलं की तो वाजतो. तिने उघडलं, वाचलं आणि माझ्यापुढे धरलं. तेच लोक! दुसऱ्या जर्नलमध्ये! शिखरं बघितली. एकटा नाही, तिळे नाहीत, चौघे नाहीत. स्वच्छ. मी सरळ खाली गेले, नावांच्या यादीत. एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

"तू नाहीयेस यात."

"नसणारच. माझी पद्धत त्यांच्याकडे चालली नाही. दुसरी वापरलीये. चांगली आहे."

यादीच्या वर एक बारीक ओळ होती. आधीच्या मसुद्यातल्या पदार्थात राहून गेलेल्या इथाइल ॲसिटेटकडे लक्ष वेधणाऱ्या, आम्हाला अज्ञात असलेल्या परीक्षकाचे आभार.

"आई, ही तू!"

"हळू बोल."

"हे मोजतात का कुठे?"

"नाही."

तिने मोबाइल परत घेतला. बोटाने ती ओळ वर सरकवली, परत खाली आणली, आणि मग मोबाइल कोटाच्या खिशात टाकला. नळ्यांचं शेवटचं खोकं आमच्या दोघींच्या मध्ये पडलं होतं. ती वाकली.

"धर गं त्या बाजूने," ती म्हणाली. "सावकाश. काच आहे."