चौथ्या फळीतली

कोकिळाने तेलाचा हात लावून उडदाच्या पिठाचा गोळा पुन्हा पाटावर आपटला आणि मुसळ उचललं. तेवढ्यात बेबाबाईच्या ओट्यासमोर हितेंद्र सरांची मोटारसायकल थांबली. पापड लाटणाऱ्या बायकांनी पदर सावरले.

"ताई, आनंदाची बातमी," सर म्हणाले. "तुमच्या मुलीची आईस हॉकीच्या शिबिरात निवड झाली. देहरादूनला. आता खऱ्या बर्फावर."

धुळ्यात बर्फ म्हणजे गोळेवाल्याकडचा. पोरी चाकांचे स्केट्स घालून सिमेंटवर खेळत. तरीही कोकिळाला आनंद व्हायला हवा होता. पण पोरीच्या नडग्यांवरचे काळेनिळे डाग तिने रोज पाहिले होते.

"सर, खरं सांगा. तिना हातमा कला शे का?"

सर घुटमळले. माणूस भला, खोटं बोलणं त्यांना जमत नसे.

"आमच्या संघातल्या हिनासारखी नाही. यात चेंडूऐवजी चकती असते, ती हिनाच्या काठीला चिकटूनच राहते. पण चकती हातची गेली की हिना कंबरेवर हात ठेवून उभी राहते. ही मात्र माघारी पळते, जीव तोडून. ती चौथ्या फळीत खेळेल. पहिल्या तीन फळ्यांना दम खाऊ द्यायचा आणि समोरचीने फटका मारला की चकतीच्या वाटेत आडवं पडायचं."

"मायवरच गई पोर!" बेबाबाई हसली. "लाटाले जमत नई, ते कुटाले बसाडी दिधी!"

सगळ्या खिदळल्या. कोकिळाही हसली, पण ते तिला झोंबलं. तिचा पापड जाडच यायचा. म्हणून गल्लीत कुणाकडेही पापड असले की तिला कुटायलाच बोलावत. दंड भरून यायचे तिचे, आणि पाहुण्यांपुढे वाखाणणी व्हायची ती लाटणारीची.

"मी नई धाडत," ती म्हणाली आणि मुसळ हाणलं. सरांनी मोटारसायकल वळवली.

संध्याकाळी तिची लेक दिपमाला पाय लांब करून बसली होती. कोकिळा तिच्या नडगीला हळद-तेल चोळत होती.

"दुखस का?"

"हा."

"मंग कशाले आडवी पडस?"

"नई पडनू ते गोल व्हस."

"आनि गोल नई व्हयना, ते वाहवा कोनी?"

दिपमालाने विचार केला. "गोलकीपरनी," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. "माले माहीत शे आई, मी हिना नई. पन माले जानं शे."

पोर स्वतःवरच हसत होती, याचंच कोकिळाला जास्त वाईट वाटलं. आपणही बेबाबाईच्या ओट्यावर असंच हसतो, हे तिला कळत होतं. तिने हात पुसले.

"सरले फोन लाव."

फोन लागला.

"सर, धाडसू मी तिले. पन दुपारले तुम्ही इतलं बोलनात, पोरनं नाव एकदाबी नई लिधं."

कोकिळा थांबली नाही.

"तठे ती आडवी पडनी, की तिनं नाव जोरमा ल्या."

"ताई, तिथे फार गोंगाट असतो हो," सर अवघडून म्हणाले. "तिला ऐकूही जायचं नाही."

"तिले नका आयकाडू," कोकिळा म्हणाली. "बाकीनासले आयकू जाऊ द्या."