माशांची एकादशी

सिंगापूरला हिवाळा नसतो, हे मी तीस वर्षं मुलांना शिकवलं. विषुववृत्तापासून सव्वा अंशावरचं बेट, बाराही महिने उकाडा आणि पाऊस. दोन गुणांचा प्रश्न, आणि तोही दरवर्षी कुणीतरी चुकवायचंच. आता माझा स्वतःचा मुलगा त्याच बेटावर बसून हिवाळी मासेमारीवर संशोधन करायचा आणि त्याचा पगार घ्यायचा. मी काही बोलले नाही. मुलाच्या घरी राहायचं तर काही उत्तरपत्रिका न तपासता ठेवाव्या लागतात.

प्रबोधचं काम असं. जगात काही वाळवंटी देश आहेत, तिथे धरणं बांधून मोठमोठे जलाशय केलेत. त्यांचा तळ पाटीसारखा उघडा. पाणी सारखं वरखाली होतं, त्यामुळे काठाला गवत धरत नाही, बुडाला झाड नाही. माशांना लपायला जागा नाही, अंडी घालायला आडोसा नाही. हिवाळ्यात हौशी लोक गळ घेऊन थंडीत कुडकुडत बसतात, आणि मासे खोल पाण्यात कुठेतरी पांगलेले असतात. मग लोक रिकाम्या हातांनी घरी जातात आणि सरकारला शिव्या देतात. अशाच एका सरकारने प्रबोधच्या संस्थेला विचारलं, काही करता येईल का? प्रबोधने बांबूच्या काड्यांची आणि काथ्याची झुडपं तयार केली. ती तळाशी सोडायची. त्यांच्यावर शेवाळ धरतं, शेवाळाला किडे येतात, किड्यांना लहान मासे, लहानांना मोठे. तो सांगायचा तेव्हा सगळं एखाद्या सोसायटीसारखं वाटायचं, आधी वॉचमन येतो, मग दूधवाला, मग बिऱ्हाडं.

वाळवंट हाताशी नसल्यामुळे चाचणी बुओना व्हिस्टाला, संस्थेच्या मागच्या तळ्यात होती. डिसेंबर ते फेब्रुवारी. हिवाळा कुठाय, असं मी एकदा विचारलंच. तर म्हणाला, "आई, कॅलेंडरवर आहे ना."

तळ्यात सहा जागा होत्या. तीन जागी झुडपं, तीन उघड्या, तुलनेसाठी. प्रत्येक जागी पाण्याखाली कॅमेरा. रोज सकाळी सात ते आठ या वेळात मासे मोजायचे, कारण नंतर ऊन चढून पाण्यात काही दिसत नाही. मोजायला माणूस नाही, संगणक. प्रबोध साडेनऊला ऑफिसात जाऊन आकडे बघायचा.

पहिले तीन आठवडे आकडे बघून तो घरी यायचा तेव्हा त्याचं तोंड बघवत नसे. झुडपांपाशी चार मासे, उघड्या जागी पाच. झुडपांपाशी पाच, उघड्या जागी पाच. एक मार्चला लिम मॅडम, म्हणजे त्याच्या साहेबीण, निर्णय घेणार होत्या. मासे आले नाहीत तर प्रकल्प बंद. प्रकल्प बंद तर नोकरी गेली, नोकरी गेली की इथे राहायचा पास गेला, आणि त्याच्याच पासाच्या आधारावर सून मैत्रेयी, नात इरा आणि मी, तिघी इथे होतो. महिन्याभरात क्लेमेंटीचा फ्लॅट आवरायचा आणि सगळं चंबूगबाळं पुण्याला. इराचं दुसरीचं वर्ष, तिच्या मैत्रिणी, सगळं अर्ध्यावर. मैत्रेयी रोज रात्री पुण्यातल्या शाळांच्या फिया बघत बसायची आणि मी आले की फोन उलटा ठेवायची.

आता खरं सांगते. मला पुण्याला जायचं होतं. हे गेल्यावर सहकारनगरचा फ्लॅट कुलूप लावून मी इथे आले, त्याला चौदा महिने झाले होते. इथे सगळं स्वच्छ, सगळं वेळेवर, आणि मला बोलायला कुणी नाही. लिफ्टमध्ये लोक हसतात आणि आपापल्या मजल्यावर उतरतात. इरा माझ्याशी इंग्रजीत बोलते, मी तिच्याशी मराठीत, आणि दोघी आपापल्या जागी शहाण्या. तेव्हा प्रकल्प बंद पडला असता तर माझ्या मनासारखंच होणार होतं. तरीही मी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पहाटे उठून कणीक मळली.

माशांना कणकेच्या गोळ्या घालणं ही आमच्याकडची जुनी रीत. अडलेलं काम मार्गी लागतं म्हणतात. एकशेआठ गोळ्या, प्रत्येकीत रामाचं नाव लिहिलेली कागदाची चिठ्ठी, नदीत सोडायच्या. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. वर्गात मी ग्रहणाच्या दिवशी मुलांना मुद्दाम बिस्किटं खायला लावली आहेत, त्यावरून दोन पालकांशी भांडलेही आहे. पण प्रबोध दहावीला होता तेव्हा मी महिनाभर मुठेत गोळ्या सोडल्या होत्या आणि त्याला पंच्याण्णव टक्के पडले होते. विश्वास नसला तरी करायला काय जातं? शिवाय अडलेलं काम माशांचंच होतं. इतका थेट संबंध देवाधर्मात सहसा नसतो.

सिंगापुरात पाण्यात कागद टाकला तर दंड होईल, म्हणून चिठ्ठ्या वगळल्या आणि नाव तोंडाने घेतलं. तळ्याकाठी पाटी होती, माशांना खायला घालू नये. ती चार भाषांत होती. मराठीत नव्हती. मला इंग्रजी येतं, पण त्या सकाळी चष्मा पिशवीतच राहू दिला.

रोज सकाळी फिरायला जाते सांगून निघायचं, दोन स्टेशनं एमआरटी, सातला तळ्यावर. लाकडी पूल झुडपांच्या बरोबर वरून जातो. गोळ्या तिथेच टाकायच्या. उघड्या जागी टाकून प्रबोधला काय उपयोग? चौथ्या दिवशी पाण्याला उकळी फुटल्यासारखं झालं. चिलापी होते बहुतेक, भिगवणला मिळतात तसलेच. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी मासा खाल्ला नाही, पण त्या माशांची तोंडं मला ओळखीची वाटायला लागली. एक अर्ध्या शेपटीचा होता, तो सगळ्यांना ढकलून पुढे यायचा. मी त्याला "रांगेत ये" म्हणायची. दिवसभरात मराठीत एवढं मोकळं मी त्याच्याशीच बोलत होते.

घरी प्रबोध सुटला. झुडपांपाशी बावन्न मासे! मग सत्तर, मग एक्क्याऐंशी. उघड्या जागी तेच पाच. तो जेवताना गाणं गुणगुणायला लागला. मैत्रेयीने फोनवर शाळा बघणं सोडलं. फक्त एकदा म्हणाली, "आई, कणीक फार संपतेय हो. दहा किलोची पिशवी तीन आठवड्यांत?"

"पोळ्या जाड होतायत माझ्या," मी म्हटलं. अख्ख्या जन्मात स्वतःच्या पोळ्यांची बदनामी मी तेवढी एकदाच केली.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी प्रबोधने लिम मॅडमसमोर जे दाखवायचं होतं ते आधी आम्हाला टीव्हीवर दाखवलं. आलेख उंच, झकास, पण त्यात मधूनमधून खड्डे. पाच खड्डे.

"हे काय?" मैत्रेयीने विचारलं.

"हेच तर भारी आहे!" प्रबोध खुर्चीवरून उठलाच. "हे पाच दिवस मासे जवळजवळ आलेच नाहीत. आधी वाटलं कॅमेरा बिघडला. मग तारखा लावून बघितल्या. पौर्णिमेच्या आधी चार दिवस आणि अमावास्येच्या आधी चार दिवस. दर वेळी! चंद्राचा परिणाम आहे हा. गोड्या पाण्यात, एवढा स्पष्ट, मी तरी कुठे वाचलेला नाही. त्या वाळवंटी सरकारच्या लोकांना हे एवढं आवडलंय, ते म्हणतात हिवाळ्यात गळ टाकणाऱ्यांना आम्ही तारखाच छापून देऊ."

माझ्या पोटात खड्डा पडला, सहावा. स्वयंपाकघराच्या दारावर आमचं मराठी कॅलेंडर टांगलेलं होतं. मला त्याच्याकडे बघायचीही गरज नव्हती.

एकादशीला मी कणकेला हात लावत नाही. सासूबाईंची शिस्त. एकादशी मी श्रद्धेपेक्षा खिचडीसाठी करते, पण करते.

ओळखलं इराने. ती टीव्हीजवळ गेली, बोटाने तारखा वाचल्या आणि म्हणाली, "Papa, these all sabudana days lah."

"काय?"

"Ajji makes sabudana. I remember, because this one was Chloe's birthday and I cannot bring khichdi."

प्रबोध कॅलेंडरकडे गेला. पानं मागेपुढे केली. माझ्याकडे वळला तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला होता, की मला क्षणभर वाटलं सुटले.

"आई! एकादशी! पाचही!" त्याने माझे दोन्ही हात धरले. "म्हणजे आपल्या लोकांना हे माहीत होतं. मासेसुद्धा त्या दिवशी खायला येत नाहीत. मी हे शेवटच्या स्लाइडवर टाकतो. मासेही एकादशी पाळतात!"

तीस वर्षं. ग्रहणाची बिस्किटं, दोन पालकांशी भांडण. आणि आता माझ्या पोटचा पोरगा, डॉक्टरेट झालेला, जगाला सांगणार की मासे उपास करतात. महिन्याभरात ते प्रत्येक फॅमिली ग्रुपवर फिरलं असतं, खाली संशोधक म्हणून त्याचं नाव. शिवाय कुठल्याशा वाळवंटात हजारो झुडपं बुडाली असती, आणि लोक थंडीत छापील तारखा घेऊन बसले असते, माझ्या कणकेशिवाय.

"मासे एकादशी पाळत नाहीत," मी म्हटलं. "मी पाळते."

मग सगळं सांगितलं. कणीक, एकशेआठ, पूल, सात वाजता. प्रबोध फक्त एवढंच म्हणाला.

"ते पांढरे ठिपके... कॅमेऱ्यात दिसायचे. बुडबुडे समजून मी संगणकाला ते सोडून द्यायला शिकवलं."

"ते बुडबुडे माझेच," मी म्हटलं.

तो जाऊन बाल्कनीत उभा राहिला. मैत्रेयी उठली आणि तिने कणकेचा डबा उघडून आत बघितलं, का कोण जाणे. मला रडू आलं. मी रडले. मुलाचं भलं करायला गेले आणि त्याच्या तीन महिन्यांच्या कामाचा शब्दशः कणकेचा गोळा केला होता.

अर्ध्या तासाने तो आत आला. लॅपटॉप उघडला आणि आलेखातले उंच दिवस एकेक करून पुसायला लागला. पंच्याऐंशी, एक्क्याऐंशी, सत्तर, सगळे. मी म्हटलं, "अरे, काय करतोस?"

"गोळ्या नव्हत्या ते दिवस फक्त ठेवतोय."

पहिल्या तीन आठवड्यांच्या चार-पाच माशांच्या ठिपक्यांपुढे फक्त पाच ठिपके उरले. पहिल्या एकादशीला झुडपांपाशी सहा मासे, दुसरीला नऊ, मग अकरा, चौदा, सतरा. उघड्या जागी पाच, चार, सहा, पाच, पाच. प्रबोधने त्या पाच ठिपक्यांवरून बोट फिरवत वर नेलं.

"शेवाळ धरलंय, आई," तो हळूच म्हणाला. "वेळ लागला, पण मासे येतायत. तुझ्या गोळ्यांशिवाय. आणि हे कळतंय ते तू पाच दिवस साबुदाणा खाल्लास म्हणून."

सोमवारी त्याने लिम मॅडमना सगळं खरं सांगितलं. त्यांनी म्हणे आधी विचारलं, एकादशीच्या आदल्या दिवशीही गोळ्या टाकल्या होत्या का? हो, असं कळल्यावर म्हणाल्या, पाच ठिपक्यांवर कुणी जलाशय भरत नाही. गोळ्यांच्या आशेने आदल्या दिवशीचेच मासे तिथे रेंगाळत नसतील कशावरून? पुन्हा करा. तीन महिने मुदतवाढ, तीन महिने पास. अट एकच. संशोधकाच्या मातोश्रींनी तळ्याच्या दोनशे मीटरच्या आत यायचं नाही. तसं त्यांनी लेखी मागितलं. मी चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि सही केली.

सही केलेला कागद प्रबोधने पिशवीत ठेवला आणि तिथेच उभा राहिला.

"एक विचारू? तुला पुण्याला जायचं होतं. मला माहीत आहे, मैत्रेयीलाही माहीत आहे. गोळ्या न टाकता नुसती बसली असतीस तरी आपण मार्चमध्ये घरी गेलो असतो. मग का?"

"दहावीला तुला पंच्याण्णव पडले," मी म्हटलं, "तेव्हाच मला कळलं होतं की हा आता घरी राहत नाही. तरी बारावीला पुन्हा गोळ्या टाकल्याच."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग बूट घालून तो नेहमीपेक्षा लवकर ऑफिसला गेला. साडेसात वाजले होते. एव्हाना अर्ध्या शेपटीचा पुलाखाली येऊन थांबला असणार, आणि त्याला सांगायलाही कुणी नव्हतं. त्या दिवशी एकादशी नव्हती. तरी मी कणकेला हात लावला नाही, भाताचा कुकर लावला.