अनलिमिटेड म्हणून विकलेलं सिमकार्ड

मी सिमकार्ड बोलतोय. नखाएवढा माझा जीव. अंबरनाथ पश्चिमेला राहणाऱ्या कुंदाताईंच्या मोबाईलमध्ये, एका अरुंद खाचेत पाच महिने अडकून पडलोय.

मला विकलं उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात. दुकानावर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'सगळं अनलिमिटेड'. कुंदाताईंच्या मुलीनं, चैत्रालीनं, दोनदा विचारलं, "व्हिडिओ कॉलपण दिवसभर चालेल ना?"

"बिनधास्त, ताई. नेट, कॉल, सब अनलिमिटेड. वर्षाचाच प्लॅन घ्या, झंझट नको," दुकानदार म्हणाला. खालची मुंगीएवढी अक्षरं त्यानंही कधी वाचली नसावीत.

चैत्रालीच्या विचारण्याला कारण होतं. कुंदाताईंना जन्मापासून ऐकू येत नाही. अकोल्याला असलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीला, वेणूताईंनाही नाही. वेणूताई शाळेतही गेल्या नाहीत, त्यामुळे लिहिलेलं कळत नाही. दोघी बोलतात ते लहानपणी स्वतःच बनवलेल्या खुणांनी. हात दिसले, तरच बोलणं.

सकाळचा तास छान जायचा. भाजी, शेजारीण, दुखरे गुडघे, सगळं माझ्यातून जायचं. संध्याकाळपर्यंत मात्र दिवसाचा डेटा संपायचा आणि कंपनी माझा गळा आवळायची. चित्र अडखळायचं. कुंदाताई मोबाईल घेऊन खिडकीशी जायच्या, गॅलरीत जायच्या. रेंजचा दोष नाही, हे मी त्यांना सांगणार कसं?

एका संध्याकाळी वेणूताईंनी एक हात पोटावर ठेवला, दुसरा उचलला आणि चित्र थिजलं. कुंदाताई त्या उचललेल्या हाताकडे बघत बसून राहिल्या.

चैत्राली कामावरून आली. तिनं कस्टमर केअरला फोन लावला.

"मॅडम, कॉलिंग अनलिमिटेडच आहे. तुम्ही साधा कॉल करू शकता."

"माझ्या आईला ऐकू येत नाही."

"लिमिटनंतर स्पीड कमी होतो, मॅडम. अटींमध्ये दिलंय. जादा डेटा घ्या."

तिनं तोही घेतला. पण पलीकडे आता कुणी कॉल उचलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वेणूताईंच्या पुतण्याचा, संतोषचा मेसेज आला, ऑपरेशन झालं म्हणून. मायलेकी तशाच अकोल्याला निघाल्या. दवाखान्यात संतोष म्हणाला, "काकू ठीक आहे. पण आत नेताना सारखी हात हलवत होती. आम्हाला कुणालाच कळेना."

खाटेवरून वेणूताईंनी त्याच खुणा पुन्हा केल्या आणि कुंदाताईंना कळलं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वेणूताई सांगत होत्या, 'उद्या पोट कापणार आहेत. भीती वाटते. तू ये.'

वर्षाचे पैसे आधीच भरलेत, आणि माझी मुदत संपायला अजून सात महिने आहेत. तोवर इथून सुटका नाही, त्यांची आणि माझीही. तुम्ही सिम घ्यायला जाल, तेव्हा ती बारीक अक्षरं दुकानदाराला मोठ्यानं वाचायला लावा, एवढंच मागणं.

रोज जादा डेटा घेणं परवडत नाही, म्हणून दोघी आता डेटा पुरवून पुरवून बोलतात. आधी औषध, मग जेवण, मग तब्येत. हसणं, रुसणं, एकमेकींच्या लाडक्या नावांच्या खुणा, सगळं त्यांनी गाळून टाकलंय.