मेलेली टाकी

सौदीतल्या अल खर्जच्या दूध फार्मवर यूनुस मुकादमला सगळे 'शेणवाला' म्हणत. हे नाव पाडलं होतं बाळकृष्ण निफाडकरांनी. दोघंही मराठी, दोघंही एकाच प्रकल्पावर. पण नाशिकचे हे इंजिनियर हर्णैच्या यूनुसशी मराठीत बोलायचे ते फक्त पाणउतारा करायला.

काम होतं खजुराच्या वाळक्या झावळ्या आणि गव्हाचा भुसा कुजवून गॅस काढण्याचं. झावळीचे चिवट धागे शेणातल्या जंतूंना पचेनात. मग यूनुसने कापलेल्या गायीच्या पोटातला रस थर्मासमधून आणून टाकीत ओतला आणि चार महिने जंतूंना चिमूट चिमूट झावळी चारून सवय लावली. डिसेंबरात त्या गॅसवर शेगडी पेटली.

"जमिनीतून तेल उसळतंय त्या देशात यानं शेणातून जाळ काढला," निफाडकर सगळ्यांदेखत म्हणाले.

जानेवारीत आखाती युद्ध सुरू झालं. रियाधवर क्षेपणास्त्रं पडू लागली आणि निफाडकरांचा धीर सुटला. पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे फार्मच्या सौदी मालकाकडे. कफीलचं म्हणणं एकच: सहा महिने गॅस सलग चालवून दाखवा, मग जा. नाहीच चालला, तर प्रकल्प खलास, लगेच जा.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी टाकीचा काटा शून्यावर होता. यूनुसने तपासणीचा कागद बुडवला. रोज हिरवट होणारा कागद गर्द निळा झाला. कुणीतरी आत कॉस्टिक ओतलं होतं, दुधाच्या नळ्या धुवायचा जहाल क्षार. भुशाच्या ढिगामागे सहा रिकामे कॅन सापडले. स्टोअर सांभाळणारा कादिर सहीशिवाय कॅन देत नसे. त्याने वही उघडली. सही निफाडकरांची.

यूनुस थेट त्यांच्या खोलीवर गेला.

"साहेब, जंतू मारलेत तुम्ही."

निफाडकर बॅग भरत होते. "जंतूच ना? माणसं मरतायत बाहेर."

"चार महिने राबलो मी."

"मग ऐक. रिपोर्टात मी लिहिलंय, चुकीचं खाद्य घातल्यानं टाकी मेली. घालणारा तू."

"माझी नोकरी जाईल."

"जीव तर वाचेल! उपकार मान."

यूनुसने कादिरकडून वही मागून घेतली. ती घेऊन तो कफीलकडे निघाला, तसा कादिर दारात आडवा आला. "आपला माणूस आहे रे, आपल्या देशातला. तुरुंगात टाकतील त्याला."

"आपला? चार वर्षांत माझ्या हातचा चहा घेतला नाही त्यानं."

कफीलने वही पाहिली, रिपोर्ट पाहिला. आवाज चढवला नाही. पोलिसांनाही बोलावलं नाही. निफाडकरांचा पासपोर्ट पुन्हा खणात टाकून कुलूप लावलं आणि म्हणाला, टाकी तुम्ही दोघांनी मिळून जिवंत करायची. जाळ दिसेपर्यंत कुणी कुठे जाणार नाही. यल्ला, चला कामाला.

दोघांनी टाकी उपसली, धुतली. खाटीकखान्यातून पुन्हा रस आणला. आता झावळ्या कापायचे निफाडकर, चारायचा यूनुस. हल्ल्याचा भोंगा वाजला की एकाच खोलीत, दारंखिडक्या बंद करून, एकमेकांकडे पाठ करून बसायचे. बोलणं एवढंच: "पाणी." "कागद दे." एकदा निफाडकरांचा हात कापला. यूनुसने रक्त पाहिलं आणि टोपली उचलून निघून गेला.

महिनाअखेर युद्ध थांबलं. ज्या भीतीपायी टाकी मेली ती भीतीच संपली, तरी जंतूंना घाई नव्हती. बाकीचे लोक सुट्टीवर घरी जाऊ लागले. हे दोघं तिथेच.

एप्रिलच्या मध्यावर शेगडी पेटली. कफीलने जाळ पाहिला आणि पासपोर्ट निफाडकरांच्या अंगावर भिरकावला.

गाडीत बसताना निफाडकर थांबले. "तुझ्यामुळे दोन महिने नरकात काढले मी."

"माझ्यामुळे नाही, साहेब. तुमच्या सहीमुळे."

दार आपटलं. गाडी रियाधच्या रस्त्याला लागली. आता बरं वाटेल, असं यूनुसला इतके दिवस वाटत आलं होतं. वाटलं नाही. दुपारी तो जेवायला बसला तेव्हाही त्याचे दात आवळलेलेच होते. कादिरने पुढे केलेली रोटी त्याने तशीच बाजूला सारली.