ईरम्माचा तास

धम्मप्रिया बनसोडे बाईंना मुलांसमोर इंग्रजी बोलायची भीती कधीच वाटली नव्हती. भीती वाटायची ती इंग्रजीच्या इतर शिक्षकांची. चार वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका प्रशिक्षणात त्यांनी एका शब्दाचा उच्चार चुकीचा केला आणि मागे बसलेले दोघेजण हसले. हसणं काही मोठं नव्हतं, पण बाईंच्या मनातून ते गेलं नाही. तेव्हापासून अशा ठिकाणी त्या वही भरून टिपणं घ्यायच्या आणि तोंड न उघडता परत यायच्या.

म्हणून सोलापुरात भरणाऱ्या इंग्रजी शिक्षकांच्या दोन दिवसांच्या परिषदेसाठी त्यांचा नमुना पाठ निवडला गेल्याचं कळलं, तेव्हा आनंद व्हायच्या आधी तेच हसणं आठवलं. सोलापुरातल्याच एका शाळेची पंधरा मुलं मंचावर आणणार, बाई त्यांना वीस मिनिटं शिकवणार आणि समोर बसून दोनशे शिक्षक बघणार, असं ठरलं होतं. बाईंनी महिनाभर तयारी केली. सुरुवातीची दहा वाक्यं तर इतकी पाठ केली, की घरात भांडी घासतानाही ती तोंडातून बाहेर पडायची.

बाईंची शाळा दुधनीच्या पुढे, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या वस्तीवर. सहा वर्षांपूर्वी त्या तिथे रुजू झाल्या तेव्हा त्यांना कानडीचा एक शब्द येत नव्हता आणि पहिलीच्या मुलांना मराठीचा. पहिल्या आठवड्यात एक पोरगं दिवसभर रडत होतं आणि ते काय मागतंय हेच बाईंना कळेना. शेवटी शाळेत खिचडी शिजवणारी ईरम्मा चुलीपासून उठून आली, त्या पोराला मागच्या बाजूला घेऊन गेली आणि दोन मिनिटांत हसतं करून परत आणलं. त्याला फक्त लघवीला जायचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून बाई दुपारच्या सुट्टीत ईरम्माजवळ जाऊन बसू लागल्या. ईरम्मा पन्नाशी ओलांडलेली, शाळेची पायरी लहानपणी कधी न चढलेली. ती काही शिकवायला म्हणून बसली नाही. नीर कोडु म्हणायची आणि पाण्याच्या तांब्याकडे हात करायची. उप्पु हाकु म्हणायची आणि मिठाचा डबा पुढे सरकवायची. चुकलं तर रागवायची नाही, पुन्हा तेच म्हणायची. सहा महिन्यांत बाई मुलांशी कानडीत भांडू लागल्या. मग त्यांनी मुलांना इंग्रजीही तसंच शिकवायला घेतलं, हातात वस्तू देऊन, कामाला लावून. त्यांचा नमुना पाठही तसाच होता. फक्त हे कुठून आलं, ते त्यांनी परिषदेच्या अर्जात लिहिलं नव्हतं.

परिषदेच्या पहिल्या दिवशी ईरम्मा बाईंबरोबरच सकाळच्या गाडीने सोलापूरला निघाली. तिच्या मुलीला बाळ झालं होतं. मुलीने नुकतीच खोली बदललेली, नवी जागा ईरम्माला ठाऊक नव्हती. जावई मंजुनाथ अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होता. त्याची पहिली पाळी तीनला सुटली की तो मोटारसायकलवर घ्यायला येणार होता. तोवर ईरम्माने हॉलमध्ये बसायचं ठरलं. तिने ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं होतं.

सकाळची सत्रं बाईंनी कशीबशी ऐकली. सगळे जण सफाईने बोलत होते, पडद्यावर रंगीत चित्रं सरकत होती. केम गावाहून आलेले हिंदुराव सर तर असे बोलले, की टाळ्या थांबेनात. बाईंनी पाठ केलेली वाक्यं पुन्हा मनात म्हणून पाहिली. ईरम्मा शेजारी बसून सगळं लक्ष देऊन बघत होती आणि मधूनच बाईंच्या कानाशी लागून विचारत होती, की हे सर काय विकाय आल्यात का.

साडेअकरा वाजता परिषदेचे संयोजक दिपक सर घाईघाईने आले. ज्या शाळेची मुलं येणार होती, तिथे अचानक तपासणी लागली होती आणि मुलांना सोडता येणार नाही असा निरोप आला होता. सरांना वाईट वाटत होतं. मुलांशिवाय पाठ कसा होणार, तेव्हा तुमचं सत्र रद्द करू, प्रमाणपत्र मात्र तुम्हाला मिळेलच, असं ते म्हणाले.

बाईंना खरं तर सुटल्यासारखं झालं. त्या मान हलवून बरं म्हणाल्यासुद्धा. ईरम्माने काय झालं ते विचारलं आणि बाईंनी सांगितलं.

"म्हंजी आपलं न्हाय व्हय?" ईरम्मा म्हणाली. "पोरं न्हाईत तर ही इतकी मानसं हायत की. ह्यास्नीच शिकवा."

ती सहज बोलली होती. पण बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. हॉलमध्ये दोनशे माणसं होती आणि शिकणारा म्हणून एकही नव्हता, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. इंग्रजी सगळ्यांनाच येत होतं, कानडी मात्र थोड्यांनाच. त्या उठल्या आणि दाराशी पोचलेल्या दिपक सरांना त्यांनी थांबवलं. मला पाठ घ्यायचाय, म्हणाल्या, पण तो मी घेणार नाही, ईरम्मा घेईल. जेवणाच्या तयारीतून एक परात, ज्वारीचं पीठ, मीठ आणि तांब्याभर गरम पाणी तेवढं मागवून द्या.

दिपक सरांनी सत्राच्या अध्यक्षांकडे पाहिलं. पुण्याहून आलेल्या प्रियदर्शनी मॅडम शिक्षक घडवण्यातल्या जाणत्या समजल्या जायच्या. त्यांनी क्षणभर विचार केला आणि होऊ दे म्हणाल्या.

ईरम्माला मात्र हे पटवायला वेळ लागला. मंचाच्या पायरीशी ती अडून बसली. मला काय येतंय, तिथं शिकलेली मानसं बसल्यात, असं तिचं चाललं होतं. बाई तिच्याजवळ खाली वाकल्या.

"ईरम्मा, मला जसं शिकवलंत तसंच. दुसरं काही नको."

"तुमाला कुटं शिकिवलं मी? काम सांगितलं नुसतं."

"तेच सांगा."

ईरम्मा वर गेली. बाईंनी माईकवर दोनच गोष्टी सांगितल्या. पुढची पंधरा मिनिटं ज्यांना कानडी येतं त्यांनी गप्प बसायचं आणि ज्यांना येत नाही त्यांनी वही मिटायची. मग त्यांनी पाच जणांना वर बोलावलं. त्यात हिंदुराव सर होते आणि हो-नाही करत प्रियदर्शनी मॅडमही आल्या.

सुरुवातीला ईरम्मा परातीकडे बघूनच बोलत होती. "हिट्टु तगो," ती पुटपुटली. कुणी हललं नाही. तिने पिठाकडे बोट केलं आणि पुन्हा म्हणाली. एका शिक्षिकेने पीठ परातीत ओतलं. मग नीर हाकु. हिंदुराव सरांनी आत्मविश्वासाने मीठ उचललं आणि सगळा हॉल हसला. सरांचे कान लाल झाले. मोठं झाल्यावर असं सगळ्यांसमोर चुकायची वेळ त्यांच्यावर बहुधा आली नव्हती. ईरम्मा मात्र हसली नाही. तिने त्यांच्या हातातलं मीठ हळूच खाली ठेवलं, तांब्या हातात दिला आणि पहिल्याच आवाजात पुन्हा नीर म्हणाली. सरांनी पाणी घातलं. "साकु, साकु," ती म्हणाली आणि हाताने थांबवलं.

मग तिला हुरूप आला. पदर खोचून ती त्यांच्यामागे उभी राहिली. पीठ मळणं झालं, गोळा झाला, थापणं सुरू झालं. मॅडमची भाकरी हळूहळू गोल होत गेली. हिंदुराव सरांची मात्र नकाशासारखी फाकली. खाली बसलेल्या अक्कलकोटकडच्या शिक्षकांना राहवेना, ते कुजबुजून उत्तरं सांगू लागले. बाईंनी डोळे वटारले, तसे ते पोरांसारखे तोंडावर हात ठेवून बसले. थोड्याच वेळात ईरम्मा नुसतं म्हणायची आणि दोनशे हात हवेत पाणी ओतायचे, मीठ टाकायचे, भाकरी थापायचे. पुढच्या रांगेतल्या एका निवृत्तीला आलेल्या सरांना तर हसून हसून चष्मा काढावा लागला.

पंधरा मिनिटं झाली. बाईंनी विचारलं, किती शब्द आले? कुणी आठ म्हणालं, कुणी दहा. एकानेही काही लिहून घेतलं नव्हतं.

मग बाई इंग्रजीत बोलू लागल्या. पाठ केलेली दहा वाक्यं त्यांना आठवलीही नाहीत. त्यांनी त्या रडणाऱ्या पोराची गोष्ट सांगितली. आपल्या वर्गात पहिल्यांदा इंग्रजी ऐकणारं मूल असंच असतं, मघाच्या सरांसारखं, हातात मीठ घेऊन उभं राहिलेलं, असं त्या म्हणाल्या. आणि आपण असं शिकवायला ईरम्माकडूनच शिकलो, हेही सांगितलं. बोलताना एकदोन ठिकाणी व्याकरण घसरलं. ते त्यांना कळलं आणि त्या थांबल्या नाहीत.

टाळ्या सुरू झाल्या. हिंदुराव सर पिठाच्या हातांनीच वाजवत होते. त्यांनी माईक मागून घेतला.

"बावीस वर्षं शिकवतोय," ते मराठीतच म्हणाले. "चुकलेल्या पोराच्या हातातलं मीठ मी कधी काढून ठेवलं नाही. ओरडलो फक्त."

ते खाली उतरले आणि ईरम्माला नमस्कार केला. ती इतकी संकोचली, की काय करावं न सुचून तिने त्यांच्या बाहीवरचं पीठ झटकलं.

जेवणाच्या रांगेत त्या दिवशी कानडी चाललं होतं. वाढणाऱ्या माणसाला जो तो नीर कोडु म्हणत होता आणि ताट भरलं की साकु, साकु. प्रियदर्शनी मॅडम ईरम्माशेजारी ताट घेऊन बसल्या. पुढच्या वेळी पुण्याला याल का, असं त्यांनी विचारलं. तेव्हा ईरम्मा म्हणाली, की येईन, पण पोरांच्या खिचडीचं कुणी बघणार असेल तर.

तीन वाजून गेल्यावर मंजुनाथ आला. सासूच्या भोवती शिक्षकांचा गराडा बघून तो आधी घाबरला, काही झालं की काय म्हणून. फोटो काढायचं चाललं होतं. ईरम्माने त्याला हातानेच थांब म्हणून खुणावलं. नातीला बघायची तिला घाई होती, तरी शेवटचा फोटो होईपर्यंत ती हलली नाही.

महिन्याभराने एका शनिवारी हिंदुराव सर चार शिक्षकांना घेऊन वस्तीवर आले. त्यांना वर्ग बघायचा होता. बाईंनी त्यांना मुलांच्या रांगेत सतरंजीवर बसवलं आणि आज शिकवणारी दुसरीतली महेश्वरी आहे, असं सांगितलं. महेश्वरी उभी राहिली. फ्रॉक सारखा करून तिने पाहुण्यांना इंग्रजीत कामं सांगायला सुरुवात केली. खिडकी उघडा, फळा पुसा, दोन दगड आणा. हिंदुराव सर आज्ञाधारकपणे अंगणात गेले आणि मुद्दाम तीन दगड घेऊन आले.

महेश्वरीने ते मोजले. सरांकडे बघितलं. एक दगड त्यांच्या हातातून काढून घेतला, बाजूला ठेवला आणि अजिबात न ओरडता म्हणाली, "टू, सर. टू."