पुरे म्हणेपर्यंत

रामहरीच्या पायांना आग लागली होती आणि ती कुणाला दिसत नव्हती. सगळं रामायण घडलं ते एवढ्यापायी. पाय मोडला असता तर चाळीतल्या चार बाया हळहळत येऊन गेल्या असत्या. वरून धडधाकट दिसणाऱ्या पायाला कोण विचारतो?

बजाबाई मात्र रोज बघत होती. कापडगिरणीत बारा वर्षं मागापुढं उभा राहिलेला तिचा नवरा घरी आला की पाय पाण्याच्या बादलीत घालून बसायचा. तळव्यांना मिरची चोळल्यागत होतंय म्हणायचा आणि दात खायचा. एकदा तिनं बादली जरा सरकवली, तर त्यानं पितळी तांब्या फेकून मारला. तिच्या भुवईवर खोक पडली. मग तोच तिचं रक्त पुसत हमसून रडला. लग्नापासून या माणसानं कधी हात उगारला नव्हता. बजाबाईला राग आला, पण रागाहून भीती जास्त वाटली.

गिरणीच्या कामगारांसाठी विम्याचा सरकारी दवाखाना होता. पगारातून विमा कापला जायचा, त्याबदल्यात औषधपाणी मिळायचं, आणि डॉक्टरनं आजारी असल्याचा दाखला दिला तर रजा. सगळं अडायचं ते त्या दाखल्यापाशी. डॉक्टर तरुण होता, वाईट नव्हता, पण जेवणाच्या सुट्टीआधी त्याला शंभर माणसं उरकायची असायची. त्याच्या टेबलावर डब्याच्या झाकणात टाचण्या असत. केसपेपर टोचायचा, पुढचा बोलवायचा.

"पाय वर कर," तो बसल्या जागेवरून म्हणाला. "सूज नाही, जखम नाही. फिट आहेस."

"आग हुतीया सायेब. आतनं."

"जे दिसत नाही ते मी लिहू कसं?"

पिवळ्या गोळ्या देऊन त्यानं चार महिन्यांत तीनदा परत पाठवलं. विमा बिचारा जखमेचा होता, आगीचा नव्हता.

पुढं जे व्हायचं तेच झालं. मागाजवळ रामहरी क्षणभर खाली टेकला होता. खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, तिप्पण्णा आला आणि त्याच्या तळव्यावर बुटाची लाथ हाणून म्हणाला, "ऊठ रे, तुझ्या बाची ओसरी हाय काय?" रामहरी उठला तो हातात लोखंडी टोकाचा धोटा घेऊनच. पहिल्या तडाख्यात तिप्पण्णाचा ओठ फाटला, दुसऱ्यात दोन दात सांडले. तिसरा बसला असता तर माणूस गेला असता. चौघांनी रामहरीला खाली पाडून तुडवलं.

गिरणीच्या साहेबांनी आठ दिवसांची मुदत दिली. विम्याचा दाखला आणला तर आजारानं डोकं फिरलं असं धरू. न आणला तर गिरणीचं दार कायमचं बंद.

दुसऱ्याच दिवशी नवराबायको दवाखान्यात उभी राहिली. डॉक्टरनं पाय बघितलाच नाही. "मारामारी करून दाखला मागायला आलास?" एवढंच तो म्हणाला.

रामहरीनं टेबल उलथं केलं. शाईची दौत फुटली, टाचण्या फरशीभर उडाल्या. त्यानं डॉक्टरचा गळा धरून त्याला भिंतीशी दाबलं, तेवढ्यात दोन शिपाई काठ्या घेऊन धावले. रामहरीला फरफटत पायरीवर आणलं आणि जनावर झोडपावं तसं झोडपलं. बजाबाई मधे पडली, तिच्या मनगटावर काठी बसली.

घरी त्याच्या अंगाला हळद लावताना तिला त्याच्या टाचेत एक टाचणी रुतलेली दिसली, पार डोक्यापर्यंत. तिनं ती उपसली. रामहरी हूं की चूं करीना. एवढा मार खाल्लेल्या माणसाला टाचणीचं काय, असं तिला वाटलं. तिनं ती चुलीत टाकली आणि विसरली.

"होटगीला जाऊ," सहाव्या दिवशी ती म्हणाली. "हरिबामामाकडनं डाग घेऊ. त्यांच्या हातानं उभी ऱ्हायलेली मानसं म्या बघितल्यात."

हरिबा हा रामहरीचा मामा. बैलाच्या खांद्यापासून माणसाच्या कंबरेपर्यंत कुठलीही शीर धरली तर तो तापल्या सळईनं डाग द्यायचा. त्याचा नेम ठरलेला होता. सळई टेकली की डागणाऱ्यानं तोंड पूर्वेकडं फिरवायचं, जखमेकडं बघायचं नाही. डाग घेणारा स्वतःच्या तोंडानं 'पुरे' म्हणेल तेव्हाच लोखंड उचलायचं. आधी उचललं तर दुखणं दुपटीनं उलटतं म्हणे. बहुतेक लोक सळई टेकायच्या आधीच 'पुरे' म्हणून बोंबलत, त्यामुळं हरिबाच्या हातून आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

भर दुपारी परड्यात शेणकुटांच्या आरात सळई लाल झाली. बजाबाईनं रामहरीचे खांदे धरले आणि नेमाप्रमाणं तिनंही तोंड फिरवलं.

सळई टेकली. तळव्यावर चर्रर्र आवाज झाला.

रामहरी गप्प होता. आता लागंल, मग लागंल, या बाहेरच्या आगीनं आतली आग मरंल, म्हणून तो डोळे मिटून वाट बघत होता.

"पुरे का रं?" हरिबानं विचारलं.

"अजून लागंना, मामा. दाबा."

मामानं दाबलं. भाच्याच्या धीराचा त्याला अभिमानच वाटला. बजाबाईच्या नाकात जळक्या मांसाचा वास गेला, तरी नेम मोडू नये म्हणून तिनं मनात दहा मोजले. मग मात्र तिला राहवेना. तिनं वळून बघितलं, खांदे सोडून धावली आणि मामाच्या छातीवर अशी लाथ घातली की म्हातारा शेणकुटांच्या ढिगावर जाऊन पडला. तळव्याला भोक पडलं होतं आणि आत पांढरं हाड दिसत होतं. रामहरी अजून विचारत होता, "टेकवली का?"

आठव्या दिवशी बैलगाडी विम्याच्या दवाखान्यापुढं थांबली. शिपायांनी काठ्या उचलल्या, पाय बघितला, आणि काठ्या ठेवून दिल्या.

डॉक्टर या खेपेला खुर्चीतून उठला. जखमेजवळ वाकला. त्यानं झाकणातली एक टाचणी घेऊन पावलाला टोचली, मग घोट्याला, मग पोटरीला. रामहरी छताकडं बघत होता. टाचणी गुडघ्यापाशी पोचेपर्यंत त्याला काही कळलं नाही. मग दुसरा पाय. तोही तसाच.

"नसा मेल्यात," डॉक्टर हळू आवाजात म्हणाला. "साखरेचा आजार दिसतो. अशा पायाला आग होते, पण विस्तव कळत नाही. हा पाय घोट्यापासून काढावा लागेल."

बजाबाई त्याच्या हातातल्या टाचणीकडं बघत होती. तसलीच टाचणी तिनं स्वतःच्या हातानं त्या टाचेतून उपसली होती. आपणही आंधळ्याच, हे तिला उमगलं.

"ह्ये टाचणीनं कळतंय?"

"हो."

"त्या दिशी हुत्या की टेबलावर."

तिनं डॉक्टरच्या बोटांतून टाचणी काढून घेतली आणि त्याच्या तळहातात खच्चून खुपसली. तो कळवळला, हात छातीशी धरून भिंतीला टेकला.

"तुमाला लागतंय," बजाबाई म्हणाली. "लिवा आता."

शिपाई दारातून आत आले. डॉक्टरनं मानेनंच त्यांना बाहेर जायला सांगितलं. टाचणी उपसून टाकली आणि त्याच हातानं दाखला लिहिला. कागदाच्या कडेला रक्ताचा ठिपका पडला. त्यानं दाखला वाचून दाखवला. पायाच्या नसांचा जुना आजार, उभ्यानं काम करण्यास असमर्थ. चार महिने ज्यासाठी हेलपाटे घातले ते शब्द आता कागदावर होते, आणि मागापुढं उभं राहायला पाय उरला नव्हता.

तिनं कागदाची घडी करून चोळीत ठेवली. रामहरीला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा त्यानं तिचा पदर धरला.

"लिवलं का त्येनं?"

"लिवलं की."

"काय लिवलंय?"

"तुमचं दुखतंय, असं लिवलंय."

रामहरीनं डोळे मिटले. "पुरे," तो म्हणाला.